पहिल्या भेटीनंतर माणूस परत का येत नाही?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत काम करताना आम्ही अशी खूप माणसे पाहिली, जी मानसोपचार विभागाचा केसपेपर काढून एकदाच आली आणि पुन्हा कधी दिसली नाहीत. त्यातल्या एक ताई अजून आठवतात. नवऱ्याच्या कामासाठी गाव सोडून शहरात आल्या होत्या. रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड, हातपाय गळून जायचे. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, ताईंनी मान हलवली, गोळ्या लिहून मिळाल्या. पंधरा दिवसांनी या, असे सांगितले. त्या आल्या नाहीत. आमच्यातलीच एक सिस्टर म्हणाली, "या लोकांना उपचाराचं महत्त्वच नाही." त्या वेळी आम्हीही मान डोलावली.

आमचे चुकले होते. कसे चुकले, हे समजायला अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाच्या कामाची मदत झाली. त्यांचे नाव स्टॅनली सू. परदेशातून आलेल्या कुटुंबांचे मानसिक आरोग्य हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. या वेळच्या पाठात त्यांचे काम समजून घेऊ, कारण त्यातून आपल्या घरात आणि वस्तीत वापरता येईल असे बरेच काही मिळते.

चिनी आई-बापाचा मुलगा

स्टॅनली सू यांचा जन्म 1944 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात झाला. आई-वडील चीनमधून आलेले. शाळेत असताना स्टॅनली यांना टीव्ही दुरुस्तीचे काम शिकायचे होते. पुढे त्यांनी मानसशास्त्र शिकायचे ठरवले, तेव्हा वडिलांना आश्चर्य वाटले. लोकांची दुःखे ऐकण्याचे कोणी पैसे देते का, आणि त्यावर पोट भरते का, हा त्यांचा प्रश्न होता. कष्ट करून जगणाऱ्या कोणत्याही बापाला पडेल असाच तो प्रश्न. पण या घरातले एक नव्हे, तर तीन भाऊ मानसशास्त्रज्ञ झाले.

1971 साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनली यांनी पीएचडी घेतली आणि ते सिएटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवू लागले. तो काळ लक्षात घ्या. 1965 साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला. त्यानंतर आशियातून येणाऱ्यांची संख्या वाढली. 1975 साली व्हिएतनामचे युद्ध संपल्यावर निर्वासितांची कुटुंबे येऊ लागली. नवा देश, नवी भाषा, मागे राहिलेले नातेवाईक, शिक्षणापेक्षा खालच्या दर्जाचे काम, आणि वर गोऱ्या लोकांचा भेदभाव. एवढे ओझे मनावर असताना ही माणसे मानसिक आरोग्य केंद्रांत मात्र फारशी दिसत नव्हती.

सिएटलचा हिशेब

याचा अर्थ बरेच लोक असा लावत होते की, आशियाई माणसे कष्टाळू असतात, त्यांची कुटुंबे घट्ट असतात, त्यांना मनाचे आजार होत नाहीत. ऐकायला हे कौतुक वाटते. पण या कौतुकाने त्यांचे नुकसानच केले. गरजच नाही असे एकदा ठरले की सेवा द्यायचा प्रश्न उरत नाही.

सू यांनी केंद्रांच्या नोंदी तपासल्या. सिएटल परिसरातल्या 17 केंद्रांत तीन वर्षांत आलेल्या 13 हजारांहून अधिक लोकांच्या त्या नोंदी होत्या. 1977 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आशियाई लोक त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार कमी येत होते. जे येत, त्यांचा आजार जास्त बळावलेला असे. म्हणजे आजार नव्हता असे नाही. सहन होईनासे झाल्यावरच माणूस दार ठोठावत होता.

दुसरा आकडा आणखी बोलका आहे. आशियाई, कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे आणि अमेरिकेचे मूळ रहिवासी यांच्यापैकी जवळजवळ निम्मे लोक पहिल्या भेटीनंतर परत आले नाहीत. गोऱ्या लोकांत हे प्रमाण सुमारे 30 टक्के होते.

इथे सू यांनी प्रश्न फिरवला. "हे लोक परत का येत नाहीत?" असे विचारले की दोष माणसावर जातो. "आमच्याकडे असे काय होते, की माणूस परत येत नाही?" असे विचारले की नजर केंद्राकडे वळते. भाषा कोणती बोलली जाते, समोर कोण बसते, त्याला या माणसाचे जगणे कळते का, हे तपासावे लागते. आमच्या ओपीडीत हा दुसरा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता.

पहिल्या भेटीत हाती काही पडले पाहिजे

पुढे सू लॉस एंजेलिसला गेले. 1988 साली तिथे आशियाई अमेरिकन लोकांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले, त्याचे काम त्यांनी पाहिले. त्याच्या एक वर्ष आधी त्यांनी नोलन झेन या सहकाऱ्यासोबत लिहिलेला लेख आपल्या फार कामाचा आहे. त्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत.

पहिली गोष्ट विश्वासाची. विश्वास दोन प्रकारचा असतो. एक आपोआप मिळतो, पदवीमुळे, वयामुळे, मानामुळे. दुसरा वागण्यातून कमवावा लागतो. डॉक्टरांच्या टेबलावरची पाटी पाहून माणूस पहिल्यांदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो कमावलेल्या विश्वासामुळे.

दुसरी गोष्ट देण्याची. उपचार करणाऱ्याने पहिल्या भेटीपासूनच माणसाच्या हाती काहीतरी ठेवले पाहिजे. ते काय असू शकते? थोडी भीती कमी होणे. आपल्याला काय झाले आहे हे समजणे. असे अनेकांना होते, मी एकटी नाही, हा दिलासा. बरे होता येते ही आशा. आज घरी जाऊन काय करायचे याची एक सोपी गोष्ट. रोज मजुरी बुडवून, बसचे भाडे भरून येणारा माणूस रिकाम्या हाताने परत गेला, तर तो पुन्हा का येईल? आमच्या त्या ताईंना गोळ्या मिळाल्या, पण त्या कशासाठी हे कोणी सांगितले नाही. त्यांना तरी परत यावेसे का वाटेल?

1991 साली सू आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस जिल्ह्यातल्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची बोलीभाषा इंग्रजी नव्हती, त्यांना आपल्याच समाजाचा, आपली भाषा बोलणारा उपचारक मिळाला, तर ते जास्त काळ टिकत आणि उपचारांचा परिणामही चांगला होई. पण त्यासोबत सू यांनी सावधही केले. समाज पाहून माणसाबद्दल सारे ठरवू नका. समाजाची ओळख कधी उपयोगी पडते आणि कधी समोरचा माणूस वेगळा असतो, हे ओळखता आले पाहिजे. एकाच वस्तीतल्या, एकाच जातीच्या दोन बायांचे दुःख एकसारखे नसते.

बदल होतो

सिएटलमध्ये पुढे काय झाले? 1973 सालीच तिथे आशियाई लोकांसाठी समुपदेशनाची वेगळी संस्था उभी राहिली होती. इतर केंद्रांनीही त्या त्या समाजातले कर्मचारी घेतले, भाषेची सोय केली. सुमारे दहा वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी पुन्हा हिशेब मांडला, तो 1989 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या भेटीनंतर गळण्याचे चित्र बरेच सुधारले होते. माणसे तीच होती. केंद्रे बदलली म्हणून माणसे टिकली.

आपण काय करायचे?

आपल्या वस्त्यांतही गाव सोडून आलेली कुटुंबे आहेत. आपल्याकडे मनाचे दुखणे बहुतेकदा शरीराच्या भाषेत बोलते. जीव घाबरतो, डोके जड होते, अंगात त्राण नाही, भूक मेली. हे ढोंग नाही. पुढील गोष्टी घरात सर्वांना वाचून दाखवा.

1. पहिले ऐकणारे आपणच असतो. घरात कोणी मन मोकळे करत असेल, तर "जास्त विचार करू नकोस" म्हणून विषय संपवू नका. पूर्ण ऐका आणि शेवटी एक तरी गोष्ट त्यांच्या हाती द्या. "उद्या मी सोबत येते" हे वाक्यही पुरेसे आहे.

2. दवाखान्यात जाताना त्रास कागदावर लिहून न्या. झोप किती, जेवण किती, त्रास कधीपासून, कामावर किती खाडे झाले. आपल्या बोलीत लिहा, बोलायलाही लाजू नका. सोबत घरातले कोणी असावे.

3. उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. मला काय झाले आहे? ही गोळी कशासाठी आहे? गुण यायला किती दिवस लागतील? डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. आठवड्यात फरक नाही म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा.

4. एका ठिकाणी नीट ऐकून घेतले नाही, तर उपचार सोडू नका. डॉक्टर किंवा रुग्णालय बदला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. जात, धर्म, लिंग, संस्कृती, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. आजाराची आणि उपचाराची माहिती समजेल अशा भाषेत मागा, तोही आपला हक्क आहे.

5. जाणे शक्य नसेल तर टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते.

6. कोणी "जगावंसं वाटत नाही" असे म्हणाले, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका. कीटकनाशक, औषधांचा साठा, दोरी हाताशी ठेवू नका. त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन जा.

वस्तीतल्या आशाताईंना, महिला मंडळाला आणि शिकणाऱ्या पोरापोरींना एक काम सांगून हा पाठ संपवतो. तुमच्या गल्लीत मनाच्या उपचारासाठी एकदा जाऊन पुन्हा न गेलेले कोण आहे, ते आठवा. त्यांना "का गेला नाहीत?" असे विचारू नका. "तिथे काय झाले?" असे विचारा. त्यांनी जे सांगितले ते शांतपणे ऐका, आणि पुढच्या तारखेला त्यांच्यासोबत जा.

आमच्या त्या ताईंना हा प्रश्न आम्ही विचारला नाही. तुम्ही तुमच्या शेजारणीला विचारा.