इथ्रो एकटा आला नाही

अभ्यासपाठ : सेवा, विसावा आणि कुटुंब
शास्त्रभाग : निर्गम १८:१-२७
सोबत वाचा : निर्गम २०:८-११, १ राजे १९:१-८, मार्क ६:३०-४६, १ तीमथ्य ३:४-५



काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळीतले काही जण सातपुड्यातल्या एका सेवक बंधूंच्या घरी भेटीला गेलो होतो. तिकडे घरे एका जागी नसतात. डोंगरउतारावर पाडे विखुरलेले असतात आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचे तर बरेच चालावे लागते. आम्ही वही उघडून विचारत होतो : किती पाड्यांवर प्रार्थना होते? वसतिगृहात किती मुले आहेत? किती आजाऱ्यांना दवाखान्यात नेले? बंधू उत्साहाने सांगत होते. निघताना मी त्यांच्या पत्नीला विचारले, "ताई, तुम्ही कशा आहात?" त्या हसून म्हणाल्या, "पाहुणे आले म्हणजे हे घरी जेवतात. तुम्ही येत जा."

आम्हीही हसलो. परतीच्या वाटेवर मात्र कोणी फारसे बोलले नाही. आमच्या वहीत त्या घरासाठी एकही रकाना नव्हता.

१. इथ्रोने आधी कुटुंब आणले

निर्गमच्या अठराव्या अध्यायातून आपण बहुधा कामाची वाटणी शिकतो. पण अध्यायाची सुरुवात पाहा. मोशेने आपली पत्नी सिप्पोरा हिला माहेरी पाठवले होते. इथ्रो रानातल्या छावणीत आला तो तिला आणि गेर्षोम व अलियेजर या दोन्ही मुलांना घेऊन. मोशे त्याला सामोरा गेला, त्यांनी एकमेकांचे क्षेमकुशल विचारले आणि ते तंबूत गेले. मोशेने देवाची सर्व कृत्ये सांगितली, इथ्रोने आनंद केला, देवाला अर्पणे वाहिली, मग सर्वांनी मिळून भोजन केले. कामाविषयीचा सल्ला आला तो दुसऱ्या दिवशी.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. इथ्रोने आधी घर जोडले, मग कामाकडे पाहिले.

२. काम देवाचे होते, पद्धत मारक होती

दुसऱ्या दिवशी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला आणि लोक ताटकळत उभे राहिले. मोशेच्या मनात स्वार्थ नव्हता. लोक देवाची इच्छा विचारायला येतात, असेच त्याने उत्तर दिले. तरी इथ्रोने स्पष्ट सांगितले की हे बरे नाही. अशाने तूही झिजून जाशील आणि हे लोकही.

"लोकही" हे विसरू नये. सेवक एकटा सगळे करतो तेव्हा त्याच्याबरोबर मंडळीही थकते, कारण तिला त्याच्या येण्याची वाट पाहत बसावे लागते. पाड्यावर रात्री कोणाला साप चावला आणि १०८ ला फोन करायचे फक्त सेवकालाच ठाऊक असेल, तर त्याची झोप जाते आणि आजाऱ्याचा मोलाचा वेळही. तेच दोन तरुणांना शिकवून ठेवले तर दोघांचेही भले होते.

३. विसावा ही देवाची आज्ञा आहे

"सेवकाला कसली सुट्टी?" असे आपल्यात सहज म्हटले जाते. परंतु शब्बाथाची आज्ञा दास, दासी, परके आणि गुरेढोरे यांनाही विसावा देते. सेवक त्यातून कसा वगळला जाईल? रविवार त्याच्यासाठी सर्वांत कष्टाचा दिवस. म्हणून त्याचा विसाव्याचा दिवस आठवड्यातला दुसरा ठरवावा लागतो आणि मंडळीने तो पाळावा लागतो.

एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला रागावले नाही. त्याला झोप दिली, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. होरेबापर्यंतची वाट त्यानंतरची.

मग तातडीचे काम आले तर? मार्क ६ मध्ये प्रभू शिष्यांना विसाव्यासाठी एकान्तात घेऊन निघाला, पण लोकसमुदाय आधीच पोहोचला. प्रभूला त्यांचा कळवळा आला. त्याने त्यांना शिकवले, जेवू घातले. मात्र त्याच संध्याकाळी त्याने शिष्यांना पुढे पाठवले, समुदायाला निरोप दिला आणि प्रार्थनेसाठी एकटा डोंगरावर गेला. विसावा कधी मोडावा लागतो. पण मोडलेला विसावा भरून काढायचा असतो.

४. एक दुःखद आठवण

विल्यम केरी १७९३ मध्ये पत्नी डोरोथी आणि मुलांसह बंगालमध्ये आले. डोरोथीबाई आधी येण्यास तयार नव्हत्या. दुसऱ्याच वर्षी त्यांचा लहानगा पीटर आजाराने गेला. पुढे त्यांच्या मनाचा तोल ढळला आणि १८०७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तो सावरला नाही. याच वर्षांत केरींचे भाषांतर अखंड चालू होते. त्यांचे मराठी व्याकरणही १८०५ मध्ये छापून निघाले. आजाराचा दोष आपण कोणाला देऊ नये. पण आपल्या भाषेला मिळालेल्या त्या देणगीशेजारी एका आईचे दुःखही आहे, हे विसरू नये. श्रीरामपूरला हॅना मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या सहकाऱ्यांनी केरींच्या मुलांकडे लक्ष दिले. त्या घराला सोबती मिळाले, तेव्हा मुलांना आधार मिळाला.

५. आज इथ्रो कोण?

मोशेला स्वतःची थकावट दिसली नाही. ती बाहेरून आलेल्या माणसाला दिसली. आपला सेवकही "मी दमलो" असे आपल्याला सहसा सांगणार नाही. देणगीदारांना काय वाटेल, ही भीती त्याला असते. म्हणून पहिले पाऊल आपले आहे.

• त्याचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस माहीत करून घ्या आणि त्या दिवशी फोन करू नका.
• रात्री उशिरा फोन फक्त आजार किंवा अपघात असेल तरच करा.
• वर्षातून एकदा कुटुंबासह गावी जाण्यासाठी रजा आणि प्रवासखर्च द्या. त्या काळात सभा चालवायला मंडळीतील कोणी जावे.
• पाड्यावरील वडील, तरुण आणि भगिनी यांना प्रार्थना चालवणे, आजाऱ्यांना भेटणे शिकवण्यासाठी साहाय्य द्या.
• सेवकाच्या पत्नीची आणि मुलांची वेगळी विचारपूस करा. त्यांच्या तपासणीचा, शिक्षणाचा खर्च लक्षात घ्या.

आमच्या वहीत आता तीन प्रश्न वाढले आहेत : गेल्या आठवड्यात विसावा कोणत्या दिवशी झाला? घरच्यांबरोबर किती वेळा जेवलात? तुमच्याऐवजी कोणते काम दुसऱ्या कोणी केले? पहिल्या वेळी त्या बंधूंना तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. यंदा त्यांनी दोन नावे सांगितली. ताईंनी चहा ठेवता ठेवता तिसरे नाव सांगितले. ते त्यांचे स्वतःचे होते. बुधवारची भगिनींची प्रार्थना आता त्या चालवतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत एकाच माणसावर पडलेली कामे कोणती? त्यांतील एक काम या तिमाहीत कोण घेईल?
२. १ तीमथ्य ३:४-५ आपण सेवकाची परीक्षा घेण्यासाठी वापरतो. त्याला घरासाठी वेळ मिळावा म्हणून आपण काय करतो?
३. विसावा घेणाऱ्या सेवकाविषयी आपण काय बोलतो?

प्रार्थना

हे प्रभो, तुझ्या सेवकांना झोप, भाकर आणि सोबती दे. त्यांच्या घरांत शांती राहो. आम्ही त्यांच्यावर टाकलेली ओझी आम्हाला दाखव आणि ती उचलण्यास आमचे हात पुढे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.