खापराचा पाठ
(चित्रकला, मातीकाम व नाट्य यांतून गावच्या प्राचीन अवशेषांची ओळख)

काळी ही पिकाची आणि पांढरी ही वस्तीची, असा भेद आपल्या ग्रामजीवनात पूर्वापार आहे. मोडलेल्या घरांची माती आणि चुलींची राख पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक साचून जी भुरकट जमीन तयार होते, तिला गावकरी पांढर म्हणतात. पहिल्या पावसानंतर अशा जागी खापरे उघडी पडतात. मुले त्यांची लगोरी रचतात. मोठी माणसे पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात. यांत कोणाचाही हेतू वाईट नसतो. तथापि गावाचा न लिहिलेला इतिहास अशाच रीतीने नाहीसा होत असतो.

या खापरांचे मोल प्रवरेच्या काठी दिसून आले. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तेथील तांबड्या मृद्‌भांड्यांवर काळ्या रेषांची नक्षी होती. पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तशीच भांडी मिळाली आणि इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले.

त्याच नदीच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका ग्रामस्थास हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार भरीव धातुशिल्पे सापडली. त्यांचे एकूण वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. शिल्पे सुदैवाने वाचली. परंतु ती ज्या थरात होती, तो तपासण्यापूर्वीच जमिनीबाहेर आली. पुढे तेथे शास्त्रीय उत्खनन झाले, तरी त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद राहिलाच. वस्तू हाती आली, पण तिची साक्ष अपुरी राहिली. खणणाऱ्याचा यात दोष नाही. वस्तूइतकेच तिच्या जागेलाही मोल असते, हे ज्ञान खेड्यात पोचविणे हे शाळेचे काम होय. केवळ उपदेशाने ते साधत नाही. मूल चित्र काढू लागले म्हणजे वस्तू निरखून पाहू लागते. म्हणून पुढील तीन पाठ सुचविले आहेत.

पाठ पहिला : बरणीतील थर (चित्रकला)

काचेच्या बरणीत तळाशी वाळू घालून तीत एक मणी ठेवावा. त्यावर राखेचा थर देऊन त्यात खापर, आणि वर काळ्या मातीचा थर देऊन त्यात बाटलीचे झाकण ठेवावे. वस्तू काचेलगत दिसतील अशा असाव्यात. अर्ध्या वर्गाने बरणीचे रंगीत चित्र काढावे. उरलेल्या अर्ध्या वर्गास ती दाखवू नये. नंतर बरणी परातीत रिकामी करून दुसऱ्या गटास विचारावे : “यांतील सर्वांत आधीची वस्तू कोणती?” तिन्ही वस्तू समोर असूनही उत्तर येणार नाही. मग पहिल्या गटाची चित्रे दाखवावीत. नाहीशी झालेली साक्ष आता केवळ चित्रात उरली आहे, हे मुलांस निराळे सांगावे लागणार नाही.

पाठ दुसरा : फुटक्या माठाचे तोंड (चित्रकला व मातीकाम)

गावातील कुंभारदादांस शाळेत सन्मानाने बोलवावे व त्यांच्याकडून एक तडा गेलेला माठ मागून घ्यावा. त्याच्या तोंडाची रुंदी मोजून शिक्षकांनी ती गुप्त ठेवावी. मग माठ फोडून काठाचा एकेक तुकडा प्रत्येक गटास द्यावा. कागदावर एकाच मध्यबिंदूभोवती ५ ते १५ सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळे एकेका सेंटिमीटरच्या अंतराने काढावीत. काठाचा तुकडा ज्या वर्तुळाशी नेमका जुळेल, त्याच्या त्रिज्येची दुप्पट ही तोंडाची रुंदी. उत्खननातील अभ्यासकही हीच युक्ती वापरतात. त्यावरून मुलांनी अखंड माठाचे चित्र काढावे व मातीत लहान प्रतिकृती घडवावी. तुकड्याच्या मोडलेल्या कडेवरून माती कशी मळली व भट्टीत कशी भाजली, हे कुंभारदादांनी समजावून द्यावे.

पाठ तिसरा : बोलका वीरगळ (चित्रकला व नाट्य)

गावात देवळापाशी किंवा वेशीवर वीरगळ असल्यास तेथे सहल न्यावी. त्यावरील चौकटी सामान्यतः खालून वर वाचावयाच्या असतात. खाली पडलेला वीर व लढाई, मध्ये त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा क्रम पुष्कळदा आढळतो. अनेक वीर गावची गुरे सोडविताना पडले. प्रत्येक गटाने एक चौकट चित्रित करावी व तिचा लहान प्रवेश बसवावा. वेशभूषेसाठी महिला मंडळाचे व संवादांसाठी गावातील जाणत्या भजनी मंडळींचे साहाय्य घ्यावे. दगडास खडू, तेल वा शेंदूर लावू नये, आणि त्याची जागाही बदलू नये.

दक्षता

कोणत्याही पाठासाठी पांढरीत खणू नये आणि तेथील खापर उचलून आणू नये. दिसलेल्या वस्तूचे जागेवरच चित्र काढून दिनांक, शेताचे नाव व जवळची खूण लिहावी. शाळेच्या संग्रहात चित्रे ठेवावीत, वस्तू नव्हेत. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. त्या सूचनेत वस्तूचे स्वरूप व मोल यांसह ती सापडल्याचे ठिकाण व दिनांक द्यावा लागतो. मुलांची वही हीच सवय लावते.

मूल्यमापन

ग्रामसभेच्या दिवशी चित्रे भिंतीवर लावून वीरगळाचा प्रवेश सादर करावा व पाहुण्यांस माहिती मुलांनीच द्यावी. चित्रांच्या सुबकतेस गुण देण्याची घाई करू नये. नांगराच्या फाळास काही लागले, तर बैल थांबवून वडिलांस “हात लावू नका, आधी जागा नोंदवू” असे सांगणारे एक मूल जरी वर्गातून तयार झाले, तरी पाठ सफल झाला असे समजावे.