आजारी मन आणि आपली रहमत



आपण दिवसातून कितीतरी वेळा बिस्मिल्लाह म्हणतो आणि प्रत्येक वेळी अल्लाहच्या रहमान व रहीम या दोन नावांचा उच्चार करतो. मात्र आपल्याच घरात रहमतीला सर्वाधिक मुकणारा कोण, याचा विचार आपण केला आहे काय?

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईनजीक सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक दूरदूरहून येतात. मनाने आजारी असलेल्या आप्तांना घेऊन आलेली कुटुंबेही त्यांत असतात. कोणी बाधा म्हणतो, कोणी करणी म्हणतो. त्यांच्या वेदनेची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु अशा रुग्णाचा आपल्यावर कोणता हक्क आहे, हे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांचे कथन आहे. मनाची स्थिती ठीक नसलेली एक स्त्री प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे काही काम घेऊन आली. प्रेषितांनी (स.) तिला टाळले नाही. तिला हवी ती गल्ली निवडण्यास सांगितले आणि तिचे काम पूर्ण होईपर्यंत ते तिच्यासोबत राहिले. लोक जिला वेडी म्हणत असतील, तिचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले.

ज्याची बुद्धी हरपली आहे, त्याच्यावरून शरीअतने जबाबदारी उठविली आहे. मग त्याला मारहाण कशासाठी? अल्लाहने आजारासोबत इलाजही उतरविला आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. म्हणून दुआ आणि औषध यांत विरोध नाही.

साखळीचा परिणाम तामिळनाडूतील एर्वाडी येथे देशाने पाहिला आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. टेली-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो.

आता सेवा करणाऱ्यांविषयी. रात्र-रात्र जागणारी आई कधी चिडते आणि मग स्वतःलाच गुन्हेगार ठरविते. भगिनींनो, हजरत अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे आणि रात्री इबादत यांत स्वतःला झिजवीत होते. हजरत सलमान (रजि.) यांनी त्यांना समजावले की पालनकर्त्याचा, स्वतःच्या जिवाचा आणि कुटुंबाचाही माणसावर हक्क असतो. प्रेषितांनी (स.) सलमान (रजि.) यांचे म्हणणे योग्य ठरविले. इबादतीतही जिवाचा हक्क बुडवू नये, तर सेवेत तो कसा बुडवावा? थकल्यावर विश्रांती घेणे आणि मदत मागणे हा इमानचा दुबळेपणा नव्हे.

आपल्या मोहल्ल्यात असे एखादे घर असेल, तर या जुम्याला नमाजनंतर तेथे अवश्य जा. उपदेश करू नका. दोन तास रुग्णापाशी बसा, जेणेकरून त्याची आई निवांत झोपू शकेल.

अल्लाह आम्हां सर्वांना स्वतःवर व इतरांवर दया करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.