स्वाभिमान आणि देहाभिमान

साधकाने अभिमान टाकावा, हे पंथात सर्वश्रुत आहे. मग स्वाभिमानही टाकावयाचा काय, अशी शंका वासनिकांच्या मनात वारंवार येते. शब्दसाम्यामुळे घोटाळा होतो खरा. पण केवळ कोशात पाहून तो सुटणारा नाही.

कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या परिसरात खासबाग मैदान आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी बांधविलेले हे कुस्तीचे मैदान १९१२ साली पूर्ण झाले. तेथे जिंकणाऱ्या मल्लाचा हजारो लोक जयजयकार करतात. हा मान वाईट नव्हे. परंतु तो दुसऱ्याच्या पराभवावर उभा असतो आणि पुढच्या कुस्तीत जाऊही शकतो. त्यालाच आपले मोल समजणे हा अभिमान होय.

याच नगरात, याच राजाच्या पदरी, गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य मानलेले सेवक होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला स्पर्श केला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांना हे कळताच त्यांनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगारामांस स्वतंत्र धंदा करण्यास सुचविले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले व त्यावर ‘सत्यसुधारक’ अशी पाटी लावली. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले. बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे!

महाराज आले नसते तर गंगारामांचा स्वाभिमान व्यर्थ ठरला असता काय? तसे नव्हे. दुकान चालण्यास राजाश्रय लागला. पाटी मात्र त्याआधीच लागली होती. ज्या हातचे पाणी लोक विटाळ मानीत, त्या हातचा चहा उघड्या रस्त्यावर विकावयास बसणे, हे धैर्य कोणाच्या देणगीचे नव्हते.

आता शास्त्रदृष्टीने पाहू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत. जात ही देहाची, देह प्रपंचातला. मी उच्च कुळातला म्हणून थोर, असे मानणे हा देहाभिमान, हे सर्वांस पटते. पण मी अमुक जातीचा म्हणून हीन, असे मानणे हाही देहाभिमानच, याकडे सहसा लक्ष जात नाही. पुष्कळदा त्यालाच नम्रता म्हणून गौरविले जाते, आणि हे गौरविणारे बहुधा वरच्या पायरीवर उभे असतात. सर्वज्ञांनी स्त्री-शूद्रांस ज्ञानाचे अधिकारी मानले, ते जीवाची योग्यता पाहून. ती योग्यता ओळखून वागणे हाच स्वाभिमान. त्यात कोणाला खाली पाहणे नसते.

भिक्षुकाने स्वतःचा अपमान सोसावा, हा आचार वेगळा. तो त्याने आपण होऊन स्वीकारलेला असतो. दुसऱ्यावर लादलेल्या अपमानास त्याचा आधार देता येत नाही. ऋद्धिपुरी मातंग पाण्यावाचून कष्टी होऊन श्रीगोविंदप्रभूंस विनवावयास आले, तेव्हा श्रीप्रभूंनी त्यांस सहनशीलतेचा उपदेश केला नाही. विहिरीची जागा दाखविली. तेथे खणताच पाणी लागले.