भिल्ल पलटण ते एसआरपी

दोंडाईच्यात मोठा बंदोबस्त लागला की आम्ही म्हणतो, "एसआरपी आली!" म्हणजे राज्य राखीव पोलीस बल. स्थापना १९४८ ची, कायदा १९५१ चा. आपल्या धुळ्यात गट क्रमांक ६ आहे. हे एका ठाण्याचे पोलीस नसतात. हुकूम आला की अख्खी कंपनी निघते.

पण मित्रांनो, खान्देशात अशी फौज त्याआधी सव्वाशे वर्षं होती! १८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला, पण भिल्लांची बंडं काही मोडेनात. मग १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली. वय अवघं बावीस, आपल्या फायनल इयरएवढं! कॉन्व्हेंटच्या पुस्तकात मला तो फक्त १८५७ च्या लखनौत भेटला. भिल्लांबरोबर शिकार करून त्याने विश्वास मिळवला, असं कौतुकाने सांगतात. मला खटकतं ते वेगळंच. पगार मिळाला, वर्दी मिळाली, पण काम काय? तर आपल्याच भाऊबंदांना डोंगरात जाऊन धरायचं. पुढे ही पलटण पोलिसांत विलीन झाली.

आमच्या मेसमधला पावरा दादा भरतीसाठी रोज पहाटे पळतो. एसआरपीला पाच किलोमीटर असतात. त्याला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, "ते खरं भाऊ, पण नोकरी तर पाहिजे ना!"