गणकयंत्राचा वेग आणि उष्णता

गणकयंत्राचा प्रोसेसर स्वतःच्या मर्जीनें धांवत नाहीं. मदरबोर्डवर ठोके देणारें एक घड्याळ असतें, व त्याच्या तालावर तो पावलें टाकितो. १९९८ सालच्या ऑगस्टांत इंटेलनें काढिलेल्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरास ६६ मेगाहर्ट्झचे ठोके मिळत, आणि त्यांच्या साडेचारपट म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ वेगानें तो चाले. हा गुणक कारखान्यांतच कायम केलेला असे. परंतु ठोके ६६ चे १०० करतां येत. आणि १०० ची साडेचारपट ४५०! तेवढ्या वेगाचा पेंटियम टू कितीतरी महाग होता. अशा युक्तीस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

मध्येंच ८३ वर थांबावें, असें सावध मनुष्यास वाटेल. पण येथेंच गंमत आहे. पीसीआय मार्गावरील भागांस ३३ ठोके मानवतात. ६६ चा निम्मा आणि १०० चा तिसरा हिस्सा ३३ च येतो. ८३ चा निम्मा मात्र साडेएकेचाळीस होतो, व त्यानें हार्ड डिस्कवरील मजकूर बिघडूं शकतो. म्हणजे लहान उडी मोठ्या उडीहून धोक्याची.

आतां उष्णतेचा हिशेब पाहूं. वेग दीडपट केला कीं उष्णताहि साधारण दीडपट होते. परंतु तो वेग पेलावा म्हणून विजेचा दाब २ व्होल्टचा २.२ केला, तर उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. १.१ चा वर्ग १.२१, त्यास दीडानें गुणिलें असतां सुमारें १.८. (वर्ग काढण्याचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य करून पाहावें.)

आमच्या जुन्या यंत्रावर आम्हीं हें सर्व हिंवाळ्यांत केलें. यंत्र ४५० वर निमूटपणें चालूं लागलें, व आमचा अभिमान वाढला. वैशाखांत खोलीची हवा ४० अंशांवर गेली. पंखा कितीहि जोरानें फिरला तरी प्रोसेसर भोंवतालच्या हवेहून थंड होत नाहीं, हें आम्ही विसरलों होतों. हल्लींचे प्रोसेसर तापले कीं आपोआप मंदावतात. त्या जुन्याला ती समज नव्हती. यंत्र बंद पडतें तर बरें होतें; तें चालूच राहिलें, आणि धाकट्या बंधूच्या निबंधाची फाईल बिघडवून बसलें. त्याची दुसरी प्रत आम्हीं ठेविली नव्हती.

पेटी उघडली तों हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा थर, व खालचा थर्मल पेस्टचा लेप वाळून भुगा झालेला. हा लेप दोन धातूंमधील बारीक खळग्यांतील हवा हटविण्यापुरता असतो, कारण हवा उष्णतेची मंद वाहक आहे. पण लेपहि धातूइतका चांगला वाहक नव्हे. म्हणून पोळीवर तूप लावावें तितकाच पातळ लावावा.

आम्हीं लेप बदलला, धूळ काढिली आणि दाब पुनः २ व्होल्टवर आणिला. मग मोठमोठीं गणितें करून उत्तरें ताडून पाहणारा प्राइम९५ हा प्रोग्राम रात्रभर चालविला. पहाटे त्यानें एक चूक दाखविली. तेव्हांपासून तें यंत्र ३०० वरच चालविलें. बंधूनें निबंध पुनः लिहिला. या खेपेस कागदावर.