ट्रफलहंटरची निष्ठा : काही विचार

बोलणारा प्राणी मराठी वाचकाला नवा नाही. पंचतंत्र, हितोपदेश आणि इसापनीती यांतून कोल्हा, कावळा, सिंह, करकोचा ही मंडळी शाळेपासून आपल्याशी बोलत आली आहेत. मात्र ती बहुधा शहाणपण शिकवायला बोलतात. मित्रलाभातील कावळा, उंदीर, कासव आणि हरिण एकमेकांना धरून राहतात हे खरे, पण ती मैत्री आहे. माणसासाठी जिवावर उदार होणारा प्राणी आपल्या कथांत पुष्कळदा मुकाच असतो. बाळाला सापापासून वाचवणारे मुंगूस रक्ताळलेल्या तोंडाने दारात येते आणि घडले ते सांगता येत नाही म्हणूनच मारले जाते. त्याला वाचा असती तर ती गोष्टच उरली नसती.

ज्याला निष्ठाही आहे आणि ती चारचौघांत वाद घालून मांडताही येते असा प्राणी मला सी. एस. लुईस या लेखकाच्या 'प्रिन्स कॅस्पियन' (१९५१) या पुस्तकात भेटला. लुईस (१८९८-१९६३) जन्माने बेलफास्टचा. ऑक्सफर्डला आणि पुढे केंब्रिजला मध्ययुगीन वाङ्मयाचा अध्यापक. 'नार्निया' या काल्पनिक देशावरची त्याची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाली. त्यांतील शूर उंदीर रीपीचीप वाचकांचा फार लाडका आहे. मला मात्र त्याच्याहून ट्रफलहंटर हा बॅजर अधिक मोठा वाटतो आणि तो का, हेच येथे मांडावयाचे आहे.

बॅजर हा आपल्याकडे न आढळणारा प्राणी. अंगाने राखाडी, पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे, रात्री हिंडणारा आणि जमिनीखाली लांबच लांब बिळे खणून कळपाने राहणारा. ही बिळे एका पिढीची नसतात. आजोबांनी खणलेल्या बिळात नातवंडे राहतात, ते वाढवतात, साफ करतात. जुने घर न सोडणारा प्राणी म्हणून इंग्रजी लेखकांना तो आवडला असल्यास नवल नाही. केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' (१९०८) मध्ये मिस्टर बॅजर आहे. त्याचे घर एका लुप्त झालेल्या मानवी नगरीच्या अवशेषांत आहे. माणसे आली, त्यांनी बांधले आणि ती निघून गेली. बॅजर आधीही होते आणि नंतरही राहिले, असे तो सांगतो. लुईसला हे पात्र फार प्रिय होते. मुलांसाठी लिहिण्याच्या तीन पद्धतींवरील १९५२ मधील भाषणात त्याने मिस्टर बॅजरचा मुद्दाम उल्लेख केला आहे. या पात्राला भेटलेल्या मुलाला माणसांविषयी आणि इंग्लंडच्या समाजाच्या इतिहासाविषयी जे हाडीमासी कळते ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळणार नाही, असा त्याचा आशय आहे. ट्रफलहंटर हा याच कुळातला. त्याचे नावही अर्थपूर्ण आहे. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी एक प्रकारची अळंबी. ती हुंगून शोधून काढणारा तो ट्रफलहंटर. वर दिसत नाही ते खाली आहे हे त्याला ठाऊक असते.

आता कथेकडे वळू. तेलमार देशाच्या लोकांनी नार्निया जिंकून पिढ्या लोटल्या आहेत. बोलणारे प्राणी, बुटके, वनदेवता यांना त्यांनी मारले, पिटाळले, गप्प केले. आणि याहून वाईट म्हणजे ते कधी होते ही आठवणच पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. राजपुत्र कॅस्पियनला जुन्या गोष्टी सांगते म्हणून त्याच्या दाईला काढून टाकण्यात येते. गादी बळकावलेला चुलता मिराझ त्या गोष्टींना थोतांड म्हणतो. पुढे मिराझला स्वतःचा मुलगा होतो, तेव्हा कॅस्पियनला जीव घेऊन पळावे लागते. वादळात घोडा उधळतो, रानात डोक्याला फांदी लागून तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तो एका गुहेत. त्याच्यापाशी तिघे बसलेले असतात : काळा बुटका निकाब्रिक, तांबडा बुटका ट्रम्पकिन आणि आपला बॅजर.

पुढचा प्रसंग पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा आहे असे माझे मत आहे. माणूस म्हणजे शत्रू, तेव्हा याला मारावे असे निकाब्रिक म्हणतो. ट्रम्पकिनलाही माणसे आवडत नाहीत. पण घरी आणून, डोके बांधून मग मारणे ही पाहुण्याची हत्या होईल, असे त्याचे म्हणणे. बॅजर मुलाला प्यायला देतो. निकाब्रिक अंगावर धावून जातो तेव्हा ट्रम्पकिन आणि बॅजर मिळून त्याला आवरतात.

मराठीत निष्ठेला आपण 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतो. इमानी कुत्रा म्हणतो तोही ज्याच्या हातची भाकरी खातो त्याचाच इमानी. येथे नेमके उलटे आहे. बॅजरने कॅस्पियनचे मीठ खाल्लेले नाही. कॅस्पियननेच बॅजरच्या घरचे घेतले आहे. त्यामुळे ट्रफलहंटरच्या निष्ठेचे मूळ उपकारात शोधता येत नाही. ते त्याच्या स्मरणात आहे. कॅस्पियन खरा राजपुत्र आहे हे कळल्यावर तो सांगतो, की आदमचा पुत्र गादीवर असतानाच नार्नियाचे ठीक चालले होते. हा देश माणसांचा नव्हे, पण माणसाने राजा व्हावे असा आहे, आणि हे ध्यानात राहण्याइतकी बॅजरांची स्मरणशक्ती लांब आहे.

हे स्मरण त्याचे स्वतःचे असणे शक्य नाही. पीटर व त्याची भावंडे राज्य करून गेली त्याला शेकडो वर्षे झाली. बॅजरला कोणी पुस्तक दिलेले नाही, शाळा नाही. आईबापांनी बिळात सांगितले, त्यांना त्यांच्या आईबापांनी सांगितले, एवढाच आधार. वाड्यातल्या राजपुत्राला मात्र हाच इतिहास रात्री मनोऱ्यावर चोरून शिकावा लागतो. ज्यांच्या घरी लिहिलेले काही नव्हते अशा घरांतून आलेल्या आम्हां विद्यार्थ्यांना यातील मर्म वेगळे सांगायला नको.

परंतु नुसती आठवण पुरेशी असती तर निकाब्रिकही निष्ठावान ठरला असता. आठवण त्यालाही आहे आणि दुःख तर बॅजरहून अधिक. लढाई अंगाशी येते, मदतीसाठी फुंकलेल्या शिंगाला उत्तर येत नाही. तेव्हा अंधाऱ्या टेकडीच्या पोटात मसलत भरते. तेथे निकाब्रिक पांढऱ्या चेटकिणीला उठवण्याची सूचना मांडतो. तिने शंभर वर्षे नार्नियावर हिवाळा लादला होता. मिराझपेक्षा ती कितीतरी वाईट होती असे बॅजर म्हणतो. बुटक्यांना नव्हती, असे निकाब्रिकचे उत्तर. या एका उत्तरात दोघांमधले अंतर दिसते. निकाब्रिक आपल्या जातीवर काय गुदरले ते आठवतो. ट्रफलहंटर सगळ्या देशाचे काय झाले ते आठवतो. पूर्वी काळ्या बुटक्यांनी राक्षस व हडळ यांना बाजूला घेण्याची तयारी दाखवली होती, तेव्हाही अशा टोळीला घेतले तर सिंह अस्लान आपला मित्र राहणार नाही, असे बॅजरनेच बजावले होते. आताही मदत येईल, कदाचित ती दाराशी आलीही असेल, असे तो म्हणतो. आणि खरोखर त्या क्षणी पीटर, एडमंड आणि ट्रम्पकिन दाराबाहेर उभे राहून ऐकत असतात. झटापटीत निकाब्रिक मारला जातो.

येथे लेखकाशी माझा थोडा मतभेद आहे. धोक्याच्या कामांवर बुटक्यांनाच धाडले, शिधा कमी पडला तेव्हा त्यांचाच तोडला, असे आरोप निकाब्रिक करतो. बॅजर ते सर्व खोटे म्हणून उडवून लावतो आणि लुईसही त्यांची तड लावत नाही. निष्ठावंताला आपल्या पक्षाची चूक सहसा दिसत नाही. ट्रफलहंटरही त्याला अपवाद नाही. कॅस्पियन मात्र मागाहून म्हणतो, की दीर्घकाळ सोसून आणि द्वेष करून निकाब्रिक आतून नासला होता. लवकर विजय मिळाला असता तर शांततेच्या दिवसांत तो चांगला बुटका झाला असता. हे शब्द बॅजरच्या तोंडी असते तर मला अधिक आवडले असते.

दुसरा आक्षेप मोठा आहे. जित प्राण्याने जेत्यांच्याच वंशातील मुलाला राजा मानावे, ही दास्यभक्ती नव्हे काय? बॅजर स्वतः गादीवर का बसू नये? लुईसने हा प्रश्न उभाच केलेला नाही. तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि माणसाला सृष्टीवर अधिकार आहे, पण तो जबाबदारीचा, ही कल्पना त्याच्या लेखनात सर्वत्र आहे. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' (१९५५) मध्ये नार्नियाचा पहिला राजा लंडनचा एक गाडीवान होतो. गादी देण्यापूर्वी अस्लान त्याला विचारतो, की तुला कुदळ चालवता येईल ना, हे प्राणी गुलाम नसून मोकळी प्रजा आहेत हे ध्यानात ठेवशील ना, कोणाला लाडके करणार नाहीस ना, एकाला दुसऱ्याचा छळ करू देणार नाहीस ना? म्हणजे बॅजर ज्या राजेपणाची आठवण धरून आहे ते अटींनी बांधलेले आहे. मिराझही माणूसच होता, पण बॅजर त्याला राजा मानीत नाही. एवढ्याने माझे पूर्ण समाधान होत नाही; तरी त्याला दास म्हणणे चूक ठरेल. शिवाय बॅजर कॅस्पियनची खुशामत करीत नाही की त्याच्याकडे काही मागत नाही. तू कधीच शंका घेतली नाहीस अशी पीटर त्याची वाखाणणी करतो, तेव्हा तो श्रेयही घेत नाही. आम्ही प्राणी, त्यातून बॅजर, आम्ही धरून ठेवतो, एवढेच म्हणतो.

याच्या जोडीला ट्रम्पकिन पाहण्यासारखा आहे. त्याचा अस्लानवर किंवा जुन्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. शिंगाला ओ देऊन कोणी येईल असे त्याला वाटत नाही. तरीही कोणाला तरी वाट पाहायला पाठवायचे ठरते तेव्हा तो स्वतःहून जातो. सल्ला देण्याची वेळ होती तेव्हा दिला, आता हुकूम पाळण्याची वेळ आहे, ही त्याची वृत्ती. श्रद्धेवाचून निष्ठा असू शकते हे लुईससारख्या श्रद्धाळू लेखकाने दाखवावे, याचे मला कौतुक वाटते.

विजयानंतर कॅस्पियन बॅजरला ट्रम्पकिन व रीपीचीप यांच्याबरोबर सरदारकीचा मान देतो. तो एका ओळीत उरकलेला आहे. मात्र पुढील 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर' (१९५२) या पुस्तकात एक छोटी जागा आहे. राजा समुद्रावर गेला असताना राज्य ट्रम्पकिन सांभाळतो आहे. जहाजाचा कप्तान ड्रिनियन त्याचे वर्णन करताना निष्ठेने बॅजरसारखा असे म्हणतो, आणि शौर्याने सिंहासारखा म्हणणार इतक्यात रीपीचीप आपल्याकडे पाहतो आहे हे त्याच्या ध्यानात येते व तो घाईघाईने उंदरासारखा असे म्हणून वाक्य पुरे करतो. बॅजरच्या जागी दुसरे नाव घालण्याचे मात्र त्याला कारण पडत नाही.